शीट क्रमांक सात, सुधारित

रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी पंपांची ड्रॉइंग्ज काढली.
दोन भाग एकमेकांना न घासता
एकमेकांत फिरतील
एवढी फट ठेवायची, हेच काम.
म्हणून कोपरखैरण्याच्या आमच्या गच्चीवर,
सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडून,
सेक्रेटरी कुरियन म्हणाले,
हात न मिळवता भेटायची रीत काढा कुणीतरी,
तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काढली.
शीट एक: कोपराला कोपर.
मढवींचा कोपर संधिवाताचा. बाद.
शीट दोन: पायाला पाय.
ओव्हाळकाकू म्हणाल्या, पाय लागला की
नमस्कार करावा लागतो;
मग नमस्कारासाठी पाय का लावायचा?
शीट तीन: नुसत्या भुवया. मास्कवर तेवढ्याच उरतात.
पण कुरियनांच्या भुवया जन्मजात वर.
ते आल्यागेल्याला भेटतच राहिले.

मढवी म्हणाले, आमचा बापूस मिठागरात होता.
हाताला भेगा, भेगांत मीठ,
कोण कुणाच्या हातात हात देणार?
बांधावरून फावडं आडवं धरायचं.
पलीकडून फावडं उचललं गेलं
की समजायचं, आहे, आलाय कामाला.
आता फावडं कुणाकडे?
शीट चार आणि पाच: छत्री. पावसात निकामी.

शीट सहा माझी आवडती.
माणसाभोवती तुटक रेषेचं वर्तुळ,
त्रिज्या अठराशे मिलिमीटर,
रेषेवर थांबायचं, कमरेत पंधरा अंश.
शाई वाळायच्या आत
तळमजल्यावर सरोदेबाईंच्या खिडकीशी नेली.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं.
हे अंतर कुणी ठरवलं?
मी म्हणालो, सरकारनं.
आमच्या पणज्याचंही ठरलेलं होतं, त्या म्हणाल्या,
सावली मोजून.
तो लांबूनच जोहार घालायचा,
तुमच्या पंधरा अंशांहून पुष्कळ खाली.
समोरचा वाकत नसे.
तुमच्या चित्रातही एकच वाकलाय.

मी म्हणालो, दोन्ही बाजू सारख्या असल्या
की आम्ही अर्धंच काढतो, शेजारी लिहितो:
दुसरी बाजू अशीच.

लिहून भागत नाही, त्या म्हणाल्या. काढा.
मग खिडकी लावता लावता:
आम्ही आमची रीत कधीच बदलली.
दोन शब्द आहेत. तिच्यातही हात लागत नाही.
पण मान वर असते.

त्या रात्री टेबलाशी बसलो.
आमच्या गावी, आजोबांच्या अंगणात,
ओंजळीत वरून पाणी ओतायचे.
मी पाहिलंय. चार-पाच वर्षांचा असेन.
धार लांब, बारीक, कुठेही न लागणारी.
फट म्हणजे दोघांमधली जागा,
हे मला ठाऊक होतं
पंपांपुरतं.

शीट सात: दोन माणसं. उंची सारखी.
वर्तुळ नाही. अंश नाहीत.
कुरियन म्हणाले, यात तुम्ही काय काढलंत?
तरी पाण्याच्या वेळांशेजारी
लिफ्टमध्ये लावली.

सकाळी दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या,
सरोदेबाई कढीपत्त्याला पाणी घालत होत्या.
थांबलो. मान वर केली.
जय भीम, म्हणालो.
शब्द घशात जरा घासला,
नव्या भागासारखा.

त्यांनी पाहिलं.
जय भीम, म्हणाल्या.
आणि मग, पिशवी गळतेय तुमची,
डाव्या हातातली.