कॅसेटला फुंकर मारू नये

तापकीर गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
एक पाटी आहे, ऑइलपेंटने लिहिलेली:
‘कॅसेटला फुंकर मारू नये. आत थुंकी जाते.’
कॅसेटी संपून वीस वर्षं झाली.
वडकेकाकांनी पाटी काढलेली नाही.

मी कंट्रोलर पुढे ठेवला.
“काका, माझा माणूस आपोआप डावीकडे चालतो.”
“चालू दे की. पुण्यात कोण सरळ चालतं?”
मग स्क्रू काढून बशीत ठेवले.
“बस. सोल्डरिंग तापेपर्यंत सांगतो.

आधी होता नुसता एक ठिपका.
अमेरिकेत, एका प्रयोगशाळेत,
पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून
एका शास्त्रज्ञाने यंत्राच्या गोल काचेवर टेनिस मांडलं.
लोकांनी रांग लावली.
त्याला वाटलं, त्यात काय एवढं.

चौदा वर्षांनी तसलाच खेळ पेटीत बसला,
नाणं टाका, खेळा.
म्हणतात, एक पेटी लगेच बंद पडली.
उघडली तर बिघाड काहीच नाही,
नाण्यांनी पोट भरलेलं.
असले बिघाड माझ्याकडे येत नाहीत.

मग जपानात आकाशातून किडे उतरले.
मारावे तसे उरलेले जोरात धावायचे.
कुणी मुद्दाम केलं नव्हतं.
यंत्राला ओझं झेपत नव्हतं,
किडे कमी झाले की ते सुटायचं,
दप्तर नसलेल्या शनिवारी तू सुटतेस तसं.

आणि मॉस्कोत एकाच्या संगणकावर
चित्रच काढता येत नव्हतं.
त्याने कंसांचे ठोकळे केले.
गणितातले कंस, हो, तू सोडवायला विसरतेस तेच.
वरून पडायचे, खाली रचायचे.”

“आणि आपल्याकडे?”

“आपल्याकडे आला दिवाळीच्या बोनसमधून,
कंपनीचं नावसुद्धा धड नसलेला डबा.
पिवळी कॅसेट. वर लिहिलेलं:
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
होते सात. बाकी सगळी त्या सातांचीच टोपणनावं.
लागली नाही की काढायची, फुंकायची, परत ठोकायची.
आजोबा तांबट आळीत हंडे ठोकायचे,
मी कॅसेट ठोकायचो. घराणं एकच.”

राळेचा धूर वर गेला.
काका त्याच्याकडे बघत राहिले, मग हळू म्हणाले,

“माझी बहीण, कुंदा. तिचं दहावीचं वर्ष.
शेवटच्या किल्ल्यापर्यंत आख्ख्या आळीत ती एकटी पोचली.
तेव्हा खेळ साठवता यायचा नाही,
बंद केला की पुन्हा पहिल्यापासून.
पावणेतीन तास. अंगठ्याला फोड.
दार उघडताना मी पाहिलं आणि
पोरांना बोलवायला जिना उतरत सुटलो.
आणि वीज गेली.
गुरुवार होता. कुणाच्या लक्षात नाही.

पोरं म्हणाली, थापा.
कुंदा काही बोलली नाही.
तापलेला डबा तिने ओढणीने पुसला,
मेणबत्ती लावली, भूगोल उघडला.”

“पण किल्ल्यात काय होतं?”

“मला नाही सांगितलं.
नागपूरला असते आता. दर भाऊबीजेला विचारतो,
हसते आणि आणखी एक करंजी वाढते.”

काकांनी झाकण बसवलं, वायर लावली.
माझा माणूस सरळ उभा राहिला,
कुठेच जाईना.
“ऐंशी रुपये. सुट्टे दे.
आणि हे बघ, तो ठिपका, ते किडे, ते कंस,
सगळं कुणीतरी लिहून ठेवलंय. सापडेल तुला.
कुंदाचं तेवढं मी सांगतो.”

रात्री मी एक दरी ओलांडली.
पडद्याच्या कोपऱ्यात छोटं चक्र फिरलं,
खेळ आपोआप साठवणारं.
रोज फिरतं. आज ते थांबेपर्यंत पाहिलं.

मग उठून कॅलेंडर पाहिलं.
बुधवार.