पहिलं लक्षण कधी दिसलं?

दाव्याचा फॉर्म सात पानी आहे.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाची बरणी बाजूला सारून
मी रॉयस्टनचं आजारपण काळ्या शाईत बसवते आहे.
एका चौकटीत एकच अक्षर.
चौकटी संपतात, आजार उरतो.

परदेशी नव्हतं जायचं आम्हाला.
पासपोर्ट केव्हाच बाद झालेत.
स्टोकहून ॲबर्डीनपर्यंत गाडी, तिथून रात्रीची बोट,
सकाळी शेटलंड. एवढंच.
तरी विमा काढला, कारण कॉटेजवाली बाई
फोनवर आधीच बोलून चुकली होती:
आभाळ कोसळलं तरी पैसे परत नाहीत.

अकरा वर्षं पफिन पफिन करत होते मी.
तो ठेंगू पक्षी, चोच रंगवून लग्नाला निघालेला.
कारखान्यात मी त्याला हजारो कपांवर काढला,
केशरी, करडा, पिवळा, पुन्हा केशरी,
कपाला दोन, बशीला एक,
हात डोळे मिटून काढायचा.
जिवंत मात्र एकही पाहिला नाही.

निघायच्या चार दिवस आधी
बॅग खाली आणताना रॉयस्टन जिन्यात बसला.
बसला तो बसलाच.
मी म्हटलं, वाटेत काय बसलास.

पान सहा डॉक्टरांनी भरायचं.
सहीचे अडतीस पौंड, ते दाव्यात धरत नाहीत.
आज लिफाफा आला.
पहिलं लक्षण कधी दिसलं?
एकोणतीस जानेवारी.
मी चष्मा पुसला.
एकोणतीस जानेवारीच.
खाली डॉक्टरांचं किरटं अक्षर:
चढ चढताना छातीत दाटतं.
तपासण्या सुचवल्या. रुग्ण म्हणाला, उन्हाळ्यानंतर बघू.
कारण: पक्षी.

विमा मी काढला बारा फेब्रुवारीला.

म्हणजे त्या बुधवारी तो बिजागऱ्या आणायला गेलाच नव्हता.
म्हणजे बाजारातून येताना
न्हाव्याच्या दुकानाशी रोज थांबून
दरपत्रक वाचायचा, ते डोक्यावर चार केस उरलेले असताना,
ते वाचन नव्हतं.
मी हसायचे. पिशवी त्याच्याच हातात असायची.
दुखणं अंगावर काढलं त्यानं,
मी कपांवर पक्षी काढावेत तसं,
दिवसाला एक, न चुकता.

टॅम्सिन नावाची मुलगी आहे कंपनीत. आवाज चांगला आहे.
म्हणते, खोटं बोललात असं आमचं म्हणणं नाही,
माहीत असून सांगितलं नाहीत, इतकंच. कलम अकरा.
मी म्हटलं, मला माहीत नव्हतं गं.
ती जरा थांबली. कागद उलटल्याचा आवाज आला.
पॉलिसी जोडीची आहे, म्हणाली,
एकाला माहीत ते दोघांना माहीत धरतात.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, सेंट ल्यूकच्या गार चर्चमध्ये
पाद्रीबुवाही असंच काहीसं म्हणाले होते.
तेव्हा कुणी बारीक अक्षरं वाचतं होय!

बोटवाल्या माणसाचा चेक मात्र आला, न मागता.
सदतीस पौंड. सोबत चिठ्ठी नाही,
लिफाफ्याला माशाचा वास.

आता तीन वाजलेत, भेटायची वेळ.
नवी झडप बसवल्यापासून
रॉयस्टनच्या छातीत घड्याळासारखी टिकटिक होते,
वॉर्ड शांत असला की मलाही ऐकू येते.
मी संत्रं सोलते. साल एकसंध निघावी असं बघते.
कंपनीचं काय झालं, तो विचारतो,
नजर खिडकीकडे.
देतायत, मी म्हणते. थोडा वेळ लागेल.
सगळे?
सगळे.
तो एक फोड तोंडात टाकतो, बी शोधत राहतो जिभेनं.

पान सहा माझ्या पर्समध्ये आहे,
चार घड्या घालून, कंगव्याच्या खाली.