अठरा गेज

वीस वर्षं मी सळयांना तार बांधली.
सित्रा, हिद्द, अम्वाजची बेटं.
जिथं समुद्र होता तिथं आता माझ्या गाठी आहेत
काँक्रीटच्या पोटात, कुणाला न दिसणाऱ्या.
अठरा गेजची काळी तार, दोन वळसे, एक पीळ.
त्रेचाळिसाव्या वर्षी
हूऱ्याच्या गल्लीतल्या दवाखान्यात
डॉक्टर हनादीनं केसाएवढी तार
माझ्या तोंडात ओवली न् आवळली,
तेव्हा पहिल्यांदा कळलं
सळईला काय वाटत असेल.

महिन्याला पंचवीस दिनार, दीड वर्ष.
कांताला सांगितलं, दातांचं काम काढलंय.
ती म्हणाली, उपटायचेत का?
म्हटलं, नाही. ओळीत उभे करायचेत.
फोनवर बराच वेळ काहीच नव्हतं.
मग: "आता? कुणाला दाखवायला?"

बाईंना माझी भाषा येत नाही, मला त्यांची.
त्यांनी कागदावर चित्रं काढली.
बर्फाचा खडा, फुली.
भाजलेलं कणीस, फुली. अक्रोड, फुली.
सफरचंदावर मारलेली फुली मात्र खोडली
आणि शेजारी पातळ पातळ फोडी काढल्या.
"शुवै शुवै," म्हणाल्या.
हळूहळू.
या देशात मला असं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

पहिल्या आठवड्यात खुब्जसुद्धा दगड.
कुंजुमोन क्रेन चालवतो, स्वयंपाक त्याचा नाही,
पण त्यानं कुकरला तीन शिट्ट्या जास्त दिल्या,
माझ्यासाठी गुरगुट्या भात केला, वर पातळ डाळ.
दही, केळं, उकडलेली अंडी कुस्करून,
हमूस नुसता चमच्यानं.
बलिस्टर यादव वरच्या बंकवरून बघत होता.
चाचा, म्हणाला, उष्टावण चाललंय का तुमचं?

रमजानात गेटवरच्या हसननं खजूर पुढं केला.
त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये.
बी काढली, बोटांनी चार तुकडे केले,
जिभेवर ठेवून विरघळू दिले.
तरी रात्री नळासमोर वीस मिनिटं.
आधी चूळ. मग ब्रश, तारेच्या वरून, तारेच्या खालून,
मग तो बारका ब्रश, समईच्या वातीएवढा,
एकेका खिळ्यामागं घालायचा, काढायचा.
पाठीमागं टॉवेल घेतलेली रांग.
"मिस्त्री, बिल्डिंग धुताय काय?"
हो बाबा, बिल्डिंगच.
कचरा न काढता ओतलेला कॉलम
आतून पोकळ निघतो,
हे तुला मीच शिकवलंय.

दिवाळीनंतर गावच्या सदाशिवबरोबर डबा आला.
चाळीस चकल्या, कांताच्या हातच्या,
काटा न् काटा उभा.
मी एक ताकात बुडवली
आणि मऊ पडायची वाट बघत बसलो.
आजवरचे डबे मी बस सुटण्याआधी
उभ्याउभ्या फस्त केले.
हा डबा होळीपर्यंत पुरला.
ओवा किती घालते ती,
हे मला आत्ता कळलं.

एका रात्री तार निसटून गालात रुतली.
लोखंडाची चव, ओळखीचीच.
उशाशी पक्कड होती.
हात गेला. लाखभर टोकं तोडलीत, हे एक काय.
मग कागदावरची सगळ्यात मोठी फुली आठवली.
मेणाची गोळी मळली, टोकावर बसवली,
शुक्रवारपर्यंत खिचडीवर काढले.
दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाला
हात लावायचा नसतो.

काल कांतानं व्हिडिओ लावला.
"बघू तरी. दाखवा की."
लग्नाच्या फोटोत माझे ओठ मिटलेले आहेत.
फोटोवाला तीनदा म्हणाला होता, हसा.
मी म्हटलं, थांब जरा,
आत्ताच जेवलोय, मेथी अडकलीय.
"असू द्या," ती म्हणाली,
"मेथीसकट दाखवा."