डावा उजवीकडे

वादी कबीर. नऊलाच पत्रा तापलेला.
खल्फानची लँडक्रूझर घोडीवर.
वळताना कट् कट् करते म्हणाला,
दाताखाली खजुराची बी यावी तशी.

चाक काढलं, हब काढला.
सील केव्हाच गेलेलं; डिफचं तेल ग्रीसमध्ये उतरून
काळं पिठलं झालेलं, पातळ.
मी कोपरापर्यंत आत.

ओरिजिनल जपानहून येणार, तीन आठवडे.
आकडा ऐकून खल्फान नुसता घाम पुसत राहिला.
डुप्लिकेट समोरच्याच दुकानात,
खोक्यावर वाघाचं चित्र.
मुकादमचाचांनी तो हातात तोलला, परत ठेवला.
"वाघ खोक्यावरच आहे."

मग जुनाच धुतला डिझेलमध्ये.
सहा गोळ्या, एक पिंजरा,
आणि प्रत्येक खाचेच्या एकाच भिंतीला
नखाला लागेल एवढी झीज.
दोन लाख किलोमीटर सगळा भार तिनंच ओढला.
समोरची अजून कोरी,
कारखान्यातून आली तशी.

"डावा उजवीकडे घाल," चाचा म्हणाले.
"उजवा डावीकडे."
सील नवं, ग्रीस नवं,
बेअरिंग तेवढं ओरिजिनल, त्यात काटकसर नाही.

संध्याकाळी स्टिअरिंग फुल मारून
मैदानात इंग्रजी आठ काढला, दोनदा.
आवाज नाही.
"किती चालेल?" खल्फाननं विचारलं.
चाचा बोटांच्या पेरांतलं ग्रीस काढत होते.
"चालेल. रिव्हर्समध्ये फार जाऊ नकोस."

दापोलीला फोन लावायचा होता मला.
आधी हात धुतले,
मग पुन्हा धुतले.