ऐकण्यातली चूक

तिकीट पोरीनं काढलं. म्हणाली, बाबा, खुर्चीचं घेते.
मी म्हटलं, मिठागरला बसून कोणी ऐकलंय का?
तर आता उभा आहे, वाशीच्या प्रदर्शन केंद्रात,
लोखंडी कठड्याला पोट टेकवून,
डाव्या कानात अठ्ठावीस हजारांचं यंत्र,
गुडघ्याला पट्टा,
आणि जुना काळा टीशर्ट, ज्यावरचं बँडचं नाव
आता एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत
चालत जाऊन वाचावं लागतं.

घणसोलीचा एक जण म्हणाला, ओळखलं नाही?
त्र्याण्णव साली, तुर्भ्याला, बर्फाच्या कारखान्यामागं
आपण दोघांनी टेम्पोतून अँप्लिफायर उतरवला होता.
ओळखलं नव्हतं. हो म्हणालो.
टेम्पो मात्र लख्ख आठवला. कांद्याचा होता,
पहिल्या दोन गाण्यांना
कांद्याचा वास होता.

मग दिवे गेले.
आधी मढवी आला, मनगटांना चिकटपट्ट्या गुंडाळून,
ड्रममागं बसला, जसा एखादा
शेवटच्या दिवशीही पाळीच्या पाच मिनिटं आधी हजर होतो.
इनास बेस घेऊन. केस गेलेले.
नेल्सन आला, म्हणाला, "काय, जेवलात का?"
बत्तीस वर्षं हेच विचारतो.
आम्ही चार हजार जण: "नाही!"

पहिल्याच ठोक्याला कानातलं यंत्र शिट्ट्या मारायला लागलं.
काढलं, खिशात टाकलं.
रबाळ्याच्या कंप्रेसर हाउसनं माझे अर्धे कान खाल्ले,
उरलेले यांनीच.
हे डॉक्टरला सांगितलेलं नाही.
भरपाईचा फॉर्म फक्त कारखान्याचा असतो.

कठड्यावर तळवे ठेवले.
बेस कोपरापर्यंत येत होता. ड्रम दाढेत.
गिटार कुठंच नाही,
पण तिच्या जागा मला पाठ होत्या,
तिथं तिथं मी ती ठेवत गेलो.

'रात्रपाळी' लागलं.
त्यातली ती ओळ.
एकदा पहाटे तीनला, कंप्रेसर बंद पडलेला असताना,
एकदा पालिकेच्या दवाखान्यात, काचेपलीकडं पोरगी,
एक किलो चारशे ग्रॅम,
एकदा गेटवर चिकटवलेल्या नोटिशीत
आपलं नाव शोधताना,
हीच म्हटली, तोंडातल्या तोंडात:
सगळं नीट होऊ दे, सगळं नीट होऊ दे.
देवाचं नाव नव्हतं तिच्यात. तरी चालायचं.

आज मागच्या मोठ्या पडद्यावर शब्द येत होते,
माझ्यासारख्यांची सोय असेल.
सगळं मीठ होऊ दे.

मीठ.

पोरीकडं पाहिलं. ती गात होती,
ओठ आधी मिटले, मग उघडले. म.
घणसोलीवाला: म.
मागच्या रांगेतली पांढऱ्या केसांची बाई,
चष्मा कपाळावर, डोळे बंद: म.
बत्तीस वर्षं मी एकटाच
जीभ दातांमागं लावून न म्हणत होतो.
अरे, बँडचं नाव मिठागर. तेवढ्यावरून तरी...

नेल्सननं माइक आमच्याकडं वळवला.
मी गप्प राहिलो, एक आवर्तन.
मग म्हटलं. माझंच म्हटलं.
जोरात म्हटलं असणार, मला काय ऐकू येतंय,
आणि चार हजार म-मध्ये
एक न कोणाला खुपतो?
पोरगी वळून माझ्या ओठांकडं बघत राहिली.
काहीतरी म्हणाली. विचारलं नाही.

शेवटी सगळे वाकले. मढवीला पुन्हा ताठ व्हायला
वेळ लागला, इनासनं हात दिला.
काठ्या लोकांत फेकायच्या ऐवजी
त्यानं पुसून पिशवीत ठेवल्या.

बाहेर पुलाच्या अंगानं खाडीचा वारा.
रिक्षावाला किती म्हणाला कळलं नाही, पोरीनं घासाघीस केली.
यंत्र खिशातच.
डाव्या कानात ती बारीक शिटी,
शहाण्णव सालच्या नेरुळच्या मैदानापासूनची, चालूच.
ते आज निवृत्त झाले.
हिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.