मापावरचं थोडं

मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे पाचला
रिमगाउदास व्हॅन सुरू करतो.
आधी ती खोकते, मग तो.
मागे तीन कॅन, प्रत्येक चाळीस लिटरचा,
झाकणाखाली जुन्या पडद्याचा धुवट तुकडा.
उतेनाचे दिवे दिसेपर्यंत आम्ही बोलत नाही.
बोलायचं ते गोठ्यात बोलून झालेलं असतं,
तेही गाईंशी.

पाचमजली इमारतींच्या मध्ये, बंद पडलेल्या कारंज्यापाशी
आमची जागा. भोंगा वाजवायचा नाही असं ठरलंय,
चौथ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे.
तरी बरणीला बरणी लागल्याचा आवाज जिन्यातून उतरतोच.
लोणच्याच्या काकड्यांच्या तीन लिटरच्या बरण्या,
सरबताची बाटली, जिला मी नाक मुरडते, मग भरते.
एकीनं तर फुलदाणी आणली.
"धुतलीय," म्हणाली.
धुतली होती.

सुरुवातीला मला भाव सांगता येत नसे.
वीस वर्षं भाव वरून यायचा,
डेअरीच्या चिठ्ठीवर, महिना सरल्यावर:
इतके लिटर, इतकी फॅट, इतकी कपात.
गारपिटीशी कुणी भांडतं का?
मग एका मार्चमध्ये टँकर आमच्या फाट्यावर वळेनासा झाला.
चाळीस गाईंच्या खाली परवडत नाही, म्हणाले.
आमच्या अकरा.
त्या सकाळचं दूध डुकरांना घातलं.
डुकरं खूश होती.

पहिल्या शुक्रवारी मी "ऐंशी सेंट" म्हणाले
आणि मान खाली घातली, जणू चोरीचा माल.
समोरची बाई म्हणाली, "एवढेच?"
त्या एका शब्दावर मी आठवडा काढला.

रांगेत शेवटी, नेहमी शेवटीच, एक म्हातारा.
टोपी भुवयांपर्यंत,
हातात औषधाची तपकिरी बाटली, बरोबर अर्ध्या लिटरची.
आठ वेळा मी त्याला ओळखलं नाही.
नवव्या वेळी त्यानं भरलेली बाटली दिव्याकडे धरली,
तिरकी केली,
काचेवरून दूध कसं ओघळतं ते पाहत राहिला,
आणि मला तो हात आठवला.
डेअरीची खिडकी. पांढरा कोट. गारबाउस्कास.
आमच्या नमुन्यापुढे आकडा हाच लिहायचा.
तीन पॉइंट सात.
मार्गे व्याली तेव्हा, दोबिले मेली तेव्हा,
गवत कोवळं असताना, गवत संपल्यावर,
तीन पॉइंट सात.

"किती असेल?" मी विचारलं.
रिमगाउदास पेंगत होता म्हणून विचारता आलं.
त्यानं बाटली खाली केली नाही.
"चार पॉइंट चार.
तुमचं नेहमी तेवढंच असायचं."

दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी झालं ते असं,
कारंज्यापाशी, कुणी न मागता.
मी मनात गुणाकार सुरू केला:
पॉइंट सात गुणिले लिटर गुणिले दिवस,
गोठ्याचे पत्रे, रिमगाउदासचे दात,
धाकटीचं आयर्लंडचं तिकीट, जे परतीचं नव्हतं...
आणि हिशोब मध्येच सुटला,
फुलदाणीवाली धापा टाकत आली होती.

आमच्या घरात मापावर थोडं घालतात.
सासू म्हणायची, कोरडं माप दिलं की गाय आटते.
फुलदाणीत घातलं.
त्याच्या बाटलीत मात्र जागाच नव्हती,
अर्धा लिटर म्हणजे अर्धा लिटर.
तो निघाला होता.
"थांबा," मी म्हणाले. "एक घोट प्या. जागा करा."

तो प्यायला. मिशीला फेस लागला, पुसला नाही.
बाटली पुढे केली. हात हलत होता, म्हणून मी ती धरली
आणि वर थोडं घातलं.
उपकार म्हणून नव्हे. माफी तर नाहीच.
माझ्या हाताची सवय मोडायला नको म्हणून.

चाळीस सेंट त्यानं मोजून दिले.
मी मोजून घेतले.

परतताना रिकामे कॅन मागे एकमेकांवर आदळत होते.
"काय म्हणत होता म्हातारा?" रिमगाउदासनं विचारलं.
"दूध चांगलं आहे म्हणाला."