वरील तिन्ही इसम एकच

कोर्टासमोरच्या चिंचेखाली अंबक्काचं मशीन,
कागद उडू नये म्हणून वर कुलूप ठेवलेलं.
"निम्म हेसरू?"
परशराम भरमाणा बिर्जे, मी सांगतो.
शाळेच्या दाखल्यात परशुराम.
रेशनकार्डावर कानडीत परसराम.
पासपोर्टात एक ए जास्त पडलाय,
तो कुणाचा, कुणालाच माहीत नाही.
अंबक्का हसत नाही. रोजचंच आहे तिला.
शंभराच्या बाँडवर ठोकते:
वरील तिन्ही इसम एकच.

पोरगी लिमरिकला, इस्पितळाच्या भटारखान्यात.
जावई युरोपचा नागरिक.
म्हणजे काय, तर त्याचा आजा
चोर्ल्याच्या घाटाखाली सत्तरीत जन्मला
आणि रेजिदोराच्या वहीत त्याचं नाव लागलं.
माझा आजा घाटावर जन्मला, कोतवालाच्या बुकात लागला.
मध्ये नुसतं जंगल.
बैल घेऊन आजा मिठाला खाली जायचा,
चार दिवसांनी परत यायचा.
आजी पोटुशी असताना एकदा बरोबर गेली असती
तर आज जावयाचा अर्ज मी भरला असता.

रकाना चौथा: आजवर कुठे कुठे राहिलात, तारखांसह.
एकाच घरात, साहेब.
जन्मलो तेव्हा ते मुंबई राज्यात होतं,
चालायला लागलो तोवर म्हैसुरात,
कौलांच्या कारखान्यात लागलो आणि कर्नाटक झालं.
बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा रिटायर व्हायला आलो होतो.
घर जागचं हललं नाही. न्हाणीचा दगडसुद्धा तोच.
वकील म्हणाला, एकच ओळ लिहा.

पोलीस दाखलाही लागतो.
खानापूर ठाण्यातल्या पोरानं कॉम्प्युटरात बघून दिला:
कसलाही गुन्हा नाही.
ज्या रात्री बोर्डावर डांबर फासलं
त्या रात्री डबा मी धरला होता.
ते कॉम्प्युटरात नाही.
गुडघ्यात आहे, थंडीत.

आणि रकाना सातवा.
अर्जदार कुटुंबीयावर अवलंबून असल्याचा पुरावा जोडा.
मी पासबुक पुढे केलं,
दर महिन्याच्या सात तारखेला पंधरा हजार,
पाच वर्षं, एक महिना चुकलेला नाही.
वकिलानं पानं उलटली, मग परत उलटली.
"यातला एक रुपया काढलेला नाही तुम्ही!"
नाही. तिचेच आहेत. तिला ठेवलेत.
"मग जगता कशावर?"
पेन्शन येते थोडी. परसात भेंडी आहे.
"असं असेल तर तुम्ही आश्रित नाही, बिर्जे.
आश्रित म्हणजे ज्याला ते पैसे नसतील तर भागत नाही."

चाळीस वर्षं मी कौल बोटानं वाजवून बघितलं.
कच्चं कौल ठप्प बोलतं, भाजलेलं खणखणतं.
त्या दिवशी बसस्टँडवर बसून
स्वतःच्या छातीवर तसं एकदा बोट मारलं.
शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली, पाणी दिलं.

रात्री रेणूचा फोन. "बाबा, काय करूलायस?"
काही नाही. जेवलो. तू जेवलीस?
सातव्या रकान्याचं काही बोललो नाही.

सकाळी बँकेत गेलो.
पैसे काढायची स्लिप भरताना सही दोनदा चुकली.
तांदूळ घेतला, बासमती, पहिल्यांदा मोजून न घेता,
गुडघ्याचं औषध घेतलं,
एक चप्पल, जी लागत नव्हती असं नाही.
प्रत्येक ठिकाणी बिल मागितलं.
"तांदळाला बिल?" शिवलिंग दुकानदार बघतच राहिला.
दे की. कामाला आहे.

त्यानं पेन जिभेला लावून लिहिलं:
बासमती, दहा किलो.
नावाच्या जागी न विचारताच
रेणूचा बाबा.

आता अंबक्काकडे परत जायला हवं.
हा चौथा इसम बाँडवर नाही.